पीएसएटीनंतर आलेलं कॉलेजचं पत्र म्हणजे निवड नव्हे

अमेरिकेतल्या आपल्या घरांमध्ये एक समज वर्षानुवर्षं टिकून आहे: पीएसएटी (कॉलेज प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेची शाळेतली पूर्वपरीक्षा) दिल्यावर नामांकित कॉलेजचं पत्र आलं, म्हणजे त्यांनी मुलाला हेरलं आणि प्रवेश अर्धा पक्का झाला. तसं अजिबात नाही.

परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची ‘स्टुडंट सर्च सर्व्हिस’ आहे. 2023 पर्यंत पीएसएटी देतानाच मुलं त्यात संमती देत, प्रश्नावलीत आवडीचा विषय, ग्रेड, पत्ता भरत. कॉलेजं हवा तो गुणांचा पट्टा, राज्य, विषय निवडत आणि पैसे मोजून नावांची यादी घेत. ‘प्रिय अमुक, तुझी कामगिरी लक्षवेधी आहे’ हे वाक्य हजारोंना जातं. प्रवेश समितीने तोवर मुलाची फाइल उघडलेलीही नसते. उलट अशा पत्रांमुळे अर्ज वाढले की नकार वाढतात आणि कॉलेज अधिक दुर्मीळ भासतं. पोराच्या आशेवर हे चालावं, याचा मला राग येतो.

शाळेत घेतलेल्या परीक्षांमधली माहिती अशी विकणं न्यूयॉर्कच्या कायद्यात बसत नाही. 2019 मध्ये तिथल्या 2,37,000 हून अधिक विद्यार्थ्यांची माहिती अशीच दिली गेली. 2024 मध्ये बोर्डाने 7,50,000 डॉलर भरून तडजोड केली.

ती प्रश्नावली ऐच्छिक होती. ती कोरी ठेवली तरी गुणांवर काहीही परिणाम होत नसे.