कार्ब्युरेटर उघडण्याआधी

जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये एक थट्टा चालते: कार्ब्युरेटरचे, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचे, दहापैकी नऊ बिघाड विजेचे असतात. एमजीबी बाळगणाऱ्यांना यात थट्टा कमी आणि अनुभव जास्त दिसेल. ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली, पाच लाखांहून अधिक संख्येने. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्यावर एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, आणि लुकास या ब्रिटिश कंपनीची वायरिंग. इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरीज घराण्यातलं. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं, त्यामुळे अ‍ॅम्बॅसेडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर फारसं परकं वाटत नाही.

हे इंजिन मुळात दणकट आहे. बिडाचा ब्लॉक, साधी रचना, घाईने काही तुटत नाही. गाडी रस्त्यात उभी राहते ती बहुतेक वेळा जिथे एक धातू दुसऱ्या धातूला नुसता टेकलेला असतो तिथल्या बिघाडामुळे.

नेहमीची तक्रार घेऊ. गाडी सकाळी झकास सुरू होते, थोडी गरम झाली की मिसिंग करते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालते. लगेच निदान होतं: पेट्रोलची वाफ झाली. मग कार्ब्युरेटर खोलतात, जेट फुंकतात, स्क्रू फिरवतात, आणि तोवर गाडी गार झालेली असल्यामुळे ती सुरूही होते! निदान बरोबर ठरल्याचा आनंद पुढच्या उकाड्यापर्यंत टिकतो. गाडी बंद पडली त्याच क्षणी प्लगला स्पार्क येतोय का, एवढंच आधी पाहायला हवं होतं.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे पाळीपाळीने प्रत्येक प्लगला दाब पोचवणारा भाग. त्यातले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क, मिटलेले असताना इग्निशन कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून प्रवाह वाहतो आणि चुंबकक्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत उच्च दाब निर्माण होतो. क्षेत्र जितक्या झटकन कोसळेल तितका दाब जास्त. हा फॅरडेचा नियम. अडचण अशी, की कॉइलमधला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. तो उघडणाऱ्या पॉइंटमधूनच ठिणगी मारून वाहत राहू पाहतो. त्याला त्या क्षणापुरती दुसरी वाट देण्यासाठी सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा छोटासा कंडेन्सर बसवलेला असतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सगळं सेकंदाला शंभर वेळा घडतं. कंडेन्सरच्या आतलं इन्सुलेशन उष्णतेने कमकुवत झालं, की पॉइंटवर ठिणग्या उडू लागतात आणि प्लगवरचा स्पार्क पिवळट, अशक्त होतो. गार झाल्यावर इन्सुलेशन सावरतं, म्हणून गाडी पुन्हा चालते. लक्षणं हुबेहूब वाफेसारखी. शिवाय आज मिळणारे नवे कंडेन्सर बरेचदा सुमार निघतात, तेव्हा ‘नवाच आहे’ हा काही निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे.

पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची असते. कॅमवर घासणारी टाच झिजते तशी ही फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. पिकअप गेला म्हणून कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी त्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला.

दुसरा चोर त्याहून गुपचूप काम करतो. एमजीबीची बॅटरी सीटच्या मागे असते. आधीच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. तिथून पुढच्या स्टार्टरपर्यंत लांबलचक केबल जाते. स्टार्टरने २०० अँपिअर ओढले आणि वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या जोडाने एक शतांश ओहम विरोध केला, तरी तिथेच २ व्होल्ट खर्च होतात. हा विरोध मीटरच्या ओहम मापाने सापडत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा विरोधच त्याहून जास्त असतो. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवून त्याची टोकं संशयित जोडाच्या दोन्ही बाजूंना लावायची आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. शून्याच्या आसपास आकडा दिसला तर जोड ठीक, दीड-दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला.

अर्थिंगचंही तेच. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने बॉडीपासून तुटलेलं. दोघांना जोडणारी पट्टी सैल झाली तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि ती बरेचदा चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून मिळते. स्टार्टर मारताना चोकची केबल गरम होऊन धूर निघाला, तर केबल बदलून काही साधत नाही.

हेडलाइट मिणमिणतात त्याचं गणितही सोपं आहे. दोन्ही दिवे मिळून १० अँपिअर घेत असतील, तर दशांश ओहमच्या गंजामुळे १ व्होल्ट जातो. तंतूच्या बल्बचा उजेड दाबाच्या साधारण साडेतीन घाताने बदलत असल्याने १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले की उजेड पावपट घटतो. मूळ वायरिंगमध्ये हा सगळा प्रवाह थेट स्विचमधूनच जात असे. दोन रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) बसवले की फरक डोळ्यांना दिसतो, आणि माझ्या मते या गाडीवर करण्यासारखी ही सर्वांत शहाणी सुधारणा आहे.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं होतं. ते उलटं करून घेतलेल्या अनेक गाड्या आहेत, पण कॉइलच्या वायरी अदलाबदल करायचं राहून जातं. प्लगचं मधलं टोक सर्वांत तापलेलं असतं, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून ते टोक ऋण असेल तर कमी दाबात ठिणगी पडते. उलट जोडणीत गाडी चालते, पण थंडीत किंवा चढावर कुरकुरते.

आता पेट्रोल. भारतात २००० सालापासून शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं. शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखं सांभाळत असे, तेव्हा हेड खोलण्याची वेळ आलीच तर कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. त्यासाठी मुद्दाम हेड काढायची घाई नको. इथेनॉलचा प्रश्न जास्त तातडीचा आहे. आपल्याकडच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप मऊ पडतात, भेगाळतात, आणि गरम एग्झॉस्टच्या अंगावर पेट्रोल ठिबकू शकतं. ते पाइप मात्र आजच बदलावेत. ब्रेक ऑइलही दर दोन वर्षांनी: ते हवेतलं पाणी शोषतं, आणि डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा किमान २३० अंशांचा उत्कलनबिंदू ओलाव्याने १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रणही पातळ होतं, आणि इथे अखेर कार्ब्युरेटरची पाळी येते. एसयूमध्ये हवेच्या ओढीने एक पिस्टन वर उचलला जातो. त्याला लटकलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि भोवतालची फट वाढते. खालची षट्कोनी नट फिरवून जेट खाली उतरवला की मिश्रण घट्ट होतं. एका वेळी एकच पैलू फिरवायचा, दोन्ही कार्ब्युरेटरना सारखाच. त्याआधी वरचं टोपण काढून डॅम्परमधलं, म्हणजे पिस्टनची उसळी आवरणारं, तेल पाहा. पोकळ दांड्याच्या टोकाच्या वर सुमारे १३ मिलिमीटर, २० ग्रेडचं. तेल नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच पिस्टन उसळतो, हवा जास्त जाते आणि गाडी क्षणभर अडखळते. तेवढं तेल घालून एक चक्कर मारा, मग पाना हातात घ्या.