नवे उपकरण निवडताना सोपेपणाची तुलना कशी करावी

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक विचारतात, "यातलं वापरायला सोपं कुठलं?" यावर आम्ही उलट विचारतो: कोण वापरणार, आणि कशासाठी? कृपया राग मानू नका. आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानकही हेच सांगते. ठरावीक लोकांना ठरावीक परिस्थितीत आपले काम कितपत अचूक, किती कमी श्रमात आणि किती समाधानाने करता येते, यावर वापरसुलभता ठरते. म्हणून नुसत्या वस्तूकडे पाहून तिला सोपी किंवा अवघड ठरवता येत नाही.

तेव्हा येताना आपली रोजची दोन-तीन कामे ठरवून या. फोन असेल तर नंबर साठवणे, फोटो पाठवणे, अक्षरे मोठी करणे. प्रत्येक पर्यायावर तीच कामे स्वतः करून पाहा, आम्ही शेजारी गप्प उभे राहू. मग मुद्दाम एक चूक करा: भलतेच बटण दाबा, नको त्या सेटिंगमध्ये शिरा. तिथून न विचारता परत येता आले, तर ते उपकरण निम्मी परीक्षा पास झाले.

ऑपरेटिंग सिस्टीम

सर्वांत जास्त वाद इथेच होतात आणि त्यातले पुष्कळसे सवयीचे असतात. मॅकवर मेनूची पट्टी स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला असते, विंडोजवर बहुतेक प्रोग्रामचा मेनू त्यांच्या स्वतःच्या चौकटीत. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके ते लवकर गाठता येते. कडेला पॉइंटर आपोआप अडतो, त्यामुळे मॅकची पट्टी नेम न धरता सापडते. पण मॉनिटर मोठा असला की तिथवरचे अंतर वाढते. म्हणजे दोन्हीकडे काही कमावले, काही गमावले.

सूचनेच्या चौकटीत विंडोज 'ओके' आधी आणि 'कॅन्सल' नंतर ठेवते, मॅकवर मुख्य बटण साधारणपणे उजव्या टोकाला असते. एकीकडून दुसरीकडे गेलेला माणूस सुरुवातीला चुकतो आणि नव्या सिस्टीमला नावे ठेवतो. हाताला बसलेल्या वळणाची किंमत मात्र खरी असते. २०१२ च्या विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढले गेले तेव्हा लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आले, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये स्टार्ट मेनूही. आमचे मत विचाराल तर, जुन्या सिस्टीमवर काम नीट चालत असेल तर केवळ नवी छान दिसते म्हणून बदलू नका.

फोनमध्ये 'मागे' जाण्याची सोय जरूर तपासा. बोट कडेवरून सरकवणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटिंगमधून खाली तीन बटणे आणता येतात. आयफोनवर असे कायमचे बटण नसते. घरातल्या वयस्करांसाठी फोन घेताना आम्ही कॅमेऱ्याच्या आधी हे दाखवतो.

बटणे आणि पॅनेल

गुळगुळीत टच पॅनेल पुसायला सोपे, पण अंधारात चाचपून कळत नाही. नजर कमी असलेल्यांना फिरवायची खुंटी बरी. एकाच बटणाला 'दाबा', 'दाबून धरा', 'दोनदा दाबा' अशी तीन कामे लावली असतील, तर दोन विसरली जाणार हे धरून चाला.

माहितीपुस्तिका

ही खरेदीआधी वाचायची गोष्ट आहे. बहुतेक कंपन्या ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. शीर्षके पाहा: 'घड्याळ लावणे' असे लिहिले आहे, की 'बटण क चे कार्य'? पहिली पुस्तिका कामाची. संशोधक जॉन कॅरल यांनी १९८० च्या दशकात आयबीएममध्ये दाखवले की माणसे पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाहीत, थेट काम सुरू करतात. त्यामुळे छोटी, कामापुरती पुस्तिका दिलेले लोक लवकर शिकले. मग बिघाडाचे पान उघडा. एरर कोडपुढे फक्त 'सेवा केंद्राशी संपर्क साधा' असेल, तर पुस्तिका असून नसल्यासारखी.

जाहिरातीत 'एसयूएस ७०' असा आकडा दिसला तर ते ७० टक्के समजू नका. एसयूएस म्हणजे सिस्टीम युजेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपे वाटले हे लोकांना विचारून काढलेले गुण. दहा विधानांच्या या प्रश्नावलीत सरासरीच सुमारे ६८ येते.

तुलनेला येताना जुने उपकरण आणि रोजचा चष्मा सोबत आणा. शक्य असेल तर जे वापरणार आहेत त्यांनाही घेऊन या.