कोपऱ्यातले बारीक आकडे आणि वीसपैलू फासा
(फासे आणि खेळाडूंची कार्डं वापरून टेबलावर खेळायच्या बेसबॉलचा संच आमच्या दुकानातून भाड्याने घरी नेणाऱ्यांसाठी, दांडिया बाजार, वडोदरा)

संच घरी नेला की आठवड्याभरात बहुतेकांचा फोन येतो आणि प्रश्न एकच असतो: ‘फासे टाकले, कार्डावरची ओळ वाचली, निकाल लागला. मग कोपऱ्यात धावण्याचे, फेकीचे, क्षेत्ररक्षणाचे बारीक आकडे छापलेत, त्यांनी काही फरक पडतो का?’

पडतो. तो कुठे पडतो ते आधी सांगतो.

आमच्याकडून सर्वांत जास्त भाड्याने जाणारा संच स्ट्रॅट-ओ-मॅटिकचा. हॅल रिचमन यांनी 1961 मध्ये तो अमेरिकेत विकायला काढला. वेगळ्या रंगाच्या फाशावर 1 ते 3 पडलं तर फलंदाजाचं कार्ड बघायचं, 4 ते 6 पडलं तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज ओळ दाखवते. तीन फाशांच्या मिळून 216 शक्यता होतात. प्रगत नियमांच्या बाजूने खेळलात तर त्यांतल्या 30 शक्यतांना पिचरच्या कार्डावर ‘एक्स’ लागतो. मग चेंडू कोणाकडे गेला आणि त्याचा क्षेत्ररक्षणाचा आकडा 1 (उत्तम) आहे की 5 (कच्चा), यावर निकाल ठरतो. या 30 पैकी 7 एकट्या शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक; बेस म्हणजे धावताना गाठायचा थांबा) जातात आणि 6 सेकंड बेसमनकडे (दुसऱ्या बेसजवळचा). एका सामन्यात एका संघाचे साधारण 38 फलंदाज येतात, म्हणजे पाचेक वेळा निकाल क्षेत्ररक्षकाच्या हातात असतो. सामना एका धावेने जातो तेव्हा हे पाच चेंडू आठवतात.

बडोद्याच्या माणसाला हे नवीन वाटू नये. आपले यष्टिरक्षक किरण मोरे यांचं मोल फलंदाजीच्या सरासरीत कोणी मोजलं नाही. 1988 च्या मद्रास कसोटीत त्यांनी वेस्ट इंडीजचे सहा फलंदाज यष्टिचीत केले. बेसबॉलमध्ये ओझी स्मिथचं तसंच आहे: अख्ख्या कारकिर्दीत होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) फक्त 28, पण शॉर्टस्टॉप म्हणून 13 गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार. त्याचं कार्ड केवळ फलंदाजी पाहून बाजूला ठेवू नका.

आता ज्या चुकीपायी सर्वांत जास्त वेळ वाया जातो ती. कारेलीबागेतले एक काका महिनाभर खेळून आले आणि म्हणाले, ‘अहो, तुमचे ते आकडे नुसते शोभेचे. कोणालाही पळवा, बाद होतच नाही.’ मी त्यांना दुकानातच एक डाव खेळायला बसवलं आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. वीसपैलू फासा डब्यातच राहिला होता. काका धावण्याचा आकडासुद्धा दोन साध्या फाशांच्या बेरजेवर बघत होते.

याने काय होतं ते पाहा. जादा बेस घ्यायला निघालेल्या धावपटूचा आकडा 1-15 आणि बाहेरच्या क्षेत्ररक्षकाची फेक -2 असेल तर उरतो 1-13. वीसपैलू फाशावर 13 किंवा कमी पडलं तर तो सुखरूप, म्हणजे 65 टक्के. साध्या दोन फाशांची बेरीज 12 च्या वर जातच नाही, त्यामुळे तो कायमचाच सुखरूप. 1-9 चा संथ गडी खरं तर 45 टक्के वेळा पोचायला हवा. चुकीच्या फाशांवर तो 83 टक्के पोचतो. चपळ आणि संथ यांतला फरकच पुसला जातो आणि ‘आकड्यांचा उपयोग नाही’ असं वाटायला लागतं. एवढ्यावरून संच परत आणू नका, आधी तो फासा शोधा.

सगळ्या आकड्यांचं वजन सारखं नाही, हेही खरं. बंटचं (बॅट न फिरवता चेंडू हळूच टेकवण्याचं) अक्षर तुम्ही बंट करायला सांगाल तेव्हाच कामाला येतं. बेस चोरण्याचा (फटका न लागताच पुढचा बेस गाठण्याचा) आकडा मात्र जपून वापरा: दहांपैकी साधारण सात वेळा जमणार नसेल तर चोरी तोट्यातच जाते, कारण बाद झालेला गडी मिळालेल्या एका बेसपेक्षा महाग पडतो. अमेरिकी बेसबॉलपटू रिकी हेंडरसनने 1982 मध्ये 130 बेस चोरले तेव्हा तो 42 वेळा पकडलाही गेला होता, तरी हिशोब फायद्यातच राहिला.

काहींना आमची पंधरा मिनिटांची समजावणी नकोशी वाटते, वीसपैलू फाशाची वेगळी अनामतही खटकते. पण संचातली हीच वस्तू सर्वांत जास्त हरवते, आणि ती नसताना खेळलेले सामने पुन्हा खेळावे लागतात. फासा परत आला की अनामत पूर्ण मिळते. जादा फासे काउंटरवर विकत मिळतात, मुलं असलेल्या घरांनी एक घेऊन ठेवलेला बरा.

रविवारी संध्याकाळी दुकानात दोन टेबलं मोकळी ठेवतो. आपला संघ आणि आपली कार्डं घेऊन या, एक डाव बरोबर खेळू. त्याचे पैसे घेत नाही.