नेव्हीनगरची सिद्धता, भायखळ्याचा पुरावा

कुलाब्याच्या टोकाला नेव्हीनगरात टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, परळला लसींची हाफकिन संस्था, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिच्या जवळच लोकसंख्याशास्त्राची आयआयपीएस. एका मुंबईत संशोधनाचे इतके प्रकार नांदतात, पण बातमी छापून येते ती एकाच साच्यातून: ‘संशोधकांनी सिद्ध केलं की…’ गणिताचं प्रमेय असो, लस असो, नाहीतर महापालिकेच्या शाळेतला प्रयोग, क्रियापद तेच. प्रत्यक्षात यांतल्या एका जातीच्या कामात सिद्धता देतात आणि बाकीच्यांत पुरावा गोळा करतात. दोन्हींची गल्लत झाली की माणूस एक तर नको तिथे डोळे झाकून विश्वास ठेवतो, नाहीतर नको तिथे शंका काढत बसतो.

आधी सिद्धता, कारण ती सांगायला सोपी आहे. बुद्धिबळाचा पट घ्या आणि तिरप्या रेषेच्या दोन टोकांची दोन घरं कापून टाका. ६४ पैकी ६२ घरं उरली. आता शेजारशेजारची दोन घरं झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी हा पट पूर्ण भरायचा. हिशेब तर जुळतो: ३१ दुणे ६२. बसून बघा. कसंही लावलं तरी शेवटी दोन घरं उरतात आणि ती कधीच शेजारी येत नाहीत. पाचशे वेळा लावून पाहिलं आणि पाचशे वेळा अडलं, तर ‘हे जमणार नाही’ याचा भक्कम पुरावा मिळाला. सिद्धता मात्र नाही मिळाली. पाचशेएकाव्या वेळी जमलं तर?

आता रंग बघा. प्रत्येक पट्टी एक काळं आणि एक पांढरं घर झाकते, दुसरा पर्यायच नाही. आणि आपण कापलेली दोन्ही घरं एकाच रंगाची होती. म्हणजे एका रंगाची ३० घरं उरली आणि दुसऱ्या रंगाची ३२. संपलं. एकदाही पट्टी न लावता कळलं की हे कुणालाच, कधीच जमणार नाही. ही सिद्धता. तिला नमुना लागत नाही, टक्केवारी लागत नाही, ती मुंबईत खरी आणि मॉस्कोतही खरी.

‘पण इतक्या वेळा करून पाहिलं की खात्री बाळगायला काय हरकत आहे?’ असं वाटणं साहजिक आहे. गणितात हरकत आहे, आणि ती किती मोठी हे पोल्याच्या अटकळीने दाखवून दिलं. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९१९ मध्ये एक निरीक्षण मांडलं. कोणतीही संख्या तिच्या मूळ अवयवांत फोडा आणि अवयव मोजा. ८ म्हणजे २×२×२, अवयव तीन, म्हणजे विषम. १० म्हणजे २×५, अवयव दोन, म्हणजे सम. १ला अवयवच नाही, तो समांत धरायचा. दोनपासून पुढे कुठेही थांबा, तिथपर्यंतच्या संख्यांपैकी निदान निम्म्या तरी विषम गटातल्या असतात, असं पोल्याचं म्हणणं. दहापर्यंत कागदावर करून बघा: २, ३, ५, ७, ८ विषम, बाकीच्या पाच सम. बरोब्बर निम्म्या. शंभरापर्यंत चालतं, लाखापर्यंत चालतं, कोटीपर्यंतही चालतं. १९५८ मध्ये हेझलग्रोव्ह यांनी दाखवलं की ही अटकळ कुठेतरी मोडते. पहिल्यांदा ती नेमकी कुठे मोडते ते १९८० मध्ये कळलं: ९०,६१,५०,२५७ या संख्येला. नव्वद कोटी वेळा खरं ठरलेली गोष्ट खोटी निघाली, आणि ती खोटी ठरवायला एक उदाहरण पुरलं.

एकाच माणसाने ही दोन्ही कामं केल्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी. होमी भाभांनी १९४५ मध्ये टीआयएफआर सुरू केली तेव्हा गणितासाठी त्यांना बोलावून घेतलं. कोसंबी पुण्याला राहायचे आणि डेक्कन क्वीनने मुंबईला येजा करायचे. इतिहासकार म्हणून त्यांचं नाव जास्त माहीत असतं, पण इतिहासात ते शिरले तेही तराजू घेऊन. प्राचीन आहत नाणी, म्हणजे ठसे ठोकून उमटवलेली नाणी, त्यांनी हजारोंनी वजन केली. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, म्हणजे जास्त फिरलेलं नाणं सरासरीने हलकं असायला हवं, या तर्कावर त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावायचा प्रयत्न केला. झीज खरोखर तशी होते का, हे पाहायला त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही तोलली. एखादं जुनं नाणं वजनदार निघालं म्हणून युक्तिवाद कोसळत नव्हता, कारण तो एका नाण्यावर उभाच नव्हता. हे पुराव्याचं काम, आणि अव्वल दर्जाचं.

त्याच कोसंबींनी १९५९ मध्ये जर्मन गणितज्ञ रीमानच्या गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा दावा केला. गृहीतक १८५९ चं, मूळ संख्या कशा पसरल्या आहेत याच्याशी निगडित आणि आजतागायत न सुटलेलं. कोसंबींचा लेख छापून आला तो कृषी सांख्यिकीच्या भारतीय नियतकालिकात, आणि त्याचा रोख संभाव्यतेवर होता. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. नाण्यांना जी ‘सरासरीने’ चालते ती भाषा इथे चालत नाही. मला यात कोसंबींचा कमीपणा वाटत नाही. एका खोलीत कमावलेला हात दुसऱ्या खोलीत तितकाच चालेल असं नसतं, एवढंच.

आता पुराव्याकडे, आणि त्यासाठी भायखळ्याला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी साधारण निम्मे लस घ्यायला पुढे आले. टोचलेल्यांतही काहींना प्लेग झालाच, काहींच्या अंगात तर तो आधीच भिनलेला होता. पण न टोचलेल्यांत आजारीही जास्त आणि मेलेलेही जास्त.

पोल्याच्या नियमाने गेलं तर लस पहिल्या आजारी कैद्यालाच निकालात निघाली असती. पुराव्याचं तसं नसतं. ‘आमच्या शेजारचे काका लस घेऊनही आजारी पडले’ हे वाक्य खरं असू शकतं आणि तरीही लसीविरुद्ध काहीच सांगत नाही. पुराव्यावर शंका घ्यायची ती वेगळ्या जागी: तुलना कुणाची कुणाशी केली? भायखळ्यात लस घ्यायला आपणहून पुढे आलेले कैदी मुळातच जास्त धडधाकट असले तर? ही शंका रास्त आहे. बडोद्याजवळच्या उंढेरा गावात १८९८ मध्ये म्हणूनच घराघरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं आणि निम्म्यांना तसंच ठेवलं. घर तेच, उंदीर तेच, अन्नपाणी तेच. फरक राहिला तो लसीचा. हल्लीच्या नजरेला हे निम्म्यांना तसंच ठेवणं अंगावर येतं, आणि यायलाच हवं. पण पुरावा पक्का झाला तो या तुलनेमुळे, हेही तितकंच खरं.

धोरणाच्या संशोधनात हीच युक्ती शंभर वर्षांनी मुंबईच्या महापालिका शाळांत दिसते. ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम आठवत असेल: वाचन-गणितात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गाबाहेर घ्यायची आणि वस्तीतल्याच, दहावी-बारावी शिकलेल्या मुलीने त्यांना रोज दोनेक तास शिकवायचं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ पासून मुंबईत आणि बडोद्यात त्याची पारख केली. काही शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली, काहींना चौथीसाठी. कोणत्या शाळेला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे कोणतीच शाळा पूर्ण वंचित राहिली नाही आणि तुलना मात्र मिळाली. मुलांचे गुण वाढले, दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त. कार्यक्रम सुटल्यावर वर्षभराने पाहिलं तेव्हा फायद्याचा बराचसा भाग ओसरलेला होता. मग ‘बालसखीने मुलं शिकतात हे सिद्ध झालं’ असं म्हणायचं का? त्या शाळांत, त्या वर्षांत, त्या मुलींच्या हाताखाली मुलं जास्त शिकली, असं म्हणायचं. गडचिरोलीत किंवा नंदुरबारात हाच कार्यक्रम न्यायचा तर तिथे पुन्हा मोजावं लागेल. पटाच्या घरांना गाव नसतं, पुराव्याला असतं.

सिद्धताही चुकतात बरं का. चार रंगांत कोणताही नकाशा रंगवता येतो याची केंपे यांची १८७९ ची सिद्धता अकरा वर्षं सगळ्यांनी मान्य केली होती. १८९० मध्ये हीवूड यांना तिच्यात भोक सापडलं आणि ती गेली. डागडुजी करून ‘बहुतांशी बरोबर’ अशी ती ठेवता आली नाही, विधान पुन्हा न सुटलेल्यांच्या यादीत गेलं, ते थेट १९७६ पर्यंत.

पुरावा बदलतो तो असा नाही, आणि हे कोविडच्या काळात मुंबईकरांनी जवळून पाहिलं. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी दहिसर, चेंबूर पश्चिम आणि माटुंगा या तीन प्रभागांत मिळून ६,९३६ जणांचं रक्त तपासलं. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण असलेली प्रतिद्रव्यं, सापडल्या, इमारतींत १६ टक्के. ‘धारावी सुटली, मुंबई सुटली’ अशी हवा झाली. यात धारावी नव्हतीच, तीन प्रभाग म्हणजे मुंबई नव्हे, आणि अँटिबॉडी सापडली म्हणजे पुन्हा संसर्ग होणार नाही असंही त्या सर्वेक्षणाने म्हटलं नव्हतं. ऑगस्टमध्ये त्याच प्रभागांत दुसरी फेरी झाली. आता झोपडपट्टीचा आकडा ४५, इमारतींचा सुमारे १८. ५७ चे ४५ कसे झाले, मग आधीचं खोटं होतं का, असे प्रश्न आले. खोटं नव्हतं. अँटिबॉडी काळाबरोबर उतरतात, आणि दुसऱ्या फेरीत तपासलेली माणसं दुसरी होती. दोन्ही आकडे आपापल्या महिन्यापुरते उपयोगाचे होते. जुलैचा आकडा हातात घेऊन २०२१ च्या एप्रिलमध्ये बिनधास्त फिरलेल्यांना मात्र तो उपयोगी पडला नाही.