कंपाउंड धनुष्य: सत्तर पौंडांचा मोह आणि आपल्या हाताचं माप

अमेरिकेतल्या धनुर्शिकारीचा एक व्हिडिओ मोबाइलवर पाहिला की त्यामागून दहा येतात. झाडाला बांधलेलं मचाण, खाली पांढऱ्या शेपटीचं हरण, शिकाऱ्याच्या हातात चाकं आणि केबल लावलेलं आखूड धनुष्य, म्हणजेच कंपाउंड. ते बघता बघता दहिसर-डोंबिवलीतल्या कुणाला तरी वाटतं, आपणही एक घ्यावं. आणि शोधायला बसलं की ऑनलाइन दुकानं पहिल्यांदा दाखवतात ते ‘हंटिंग बो’, सत्तर पौंडांचं, म्हणजे दोरी ओढायला सत्तर पौंड जोर लागणारं.

शिकारीचा विषय आधी मिटवू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि ‘शिकार’ या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत नुसता प्रयत्नही मोडतो. अपवाद फार थोडे आहेत. उदाहरणार्थ, माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षं कैद आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, चितळ आहेत, ते बघायचे. धनुष्य घेऊन आत जाण्याचा विचारही नको. तेव्हा मुंबईकरासाठी प्रश्न उरतो तो निशाण्याच्या धनुष्याचा. पण शिकारीचं धनुष्य तसं का असतं हे समजलं, तर आपल्याला ते का नको हे आपोआप कळतं.

बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर वेगाने जातो असं धरू. तीस मीटरवरच्या हरणापर्यंत पोचायला त्याला ०.३५ सेकंद लागतात. दोरी सुटल्याचा आवाज तेवढंच अंतर ०.०९ सेकंदात कापतो. म्हणजे आवाज आधी आणि बाण पाव सेकंदाने मागून. सावध हरणाला तेवढा वेळ पुरतो. ते उसळी घेण्यासाठी पाय दुमडतं, अंग खाली जातं आणि बाण पाठीवरून निघून जातो, किंवा नको तिथे लागतो. म्हणून शिकारी जवळून मारतात, आणि त्यांना धनुष्य वेगवान, कमी आवाजाचं आणि मचाणात फांद्यांना न अडकणारं हवं असतं. दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर अशा धनुष्यात साधारण २८ ते ३३ इंच असतं, निशाण्याच्या धनुष्यात ३६ ते ४०. वेगासाठी दोरी मुठीच्या जवळ ठेवलेली असते, म्हणजे दोरी बाणाला जास्त अंतर ढकलते. पण तेवढाच जास्त वेळ बाण दोरीवर राहतो आणि त्या वेळात हात हलला तर चूक बाणात उतरते. आखूड धनुष्य हलकं, म्हणून चटकन वळतं आणि थरथरतंही. कागदाच्या निशाण्याला कान नसतात. तिथे वेगापेक्षा स्थिरपणा लाखमोलाचा.

या स्थिरपणाचं मूळ चाकात आहे. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना चाकं बसवून १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. युक्ती अशी की चाकाचा आस मधोमध नाही, एका बाजूला आहे. अशा चाकाला कॅम म्हणतात. दोरी ओढली की कॅम फिरतो. फिरताना दोरीच्या बाजूची तरफ लांब होत जाते, आणि धनुष्याची लवचिक पाती (वरचा-खालचा वाकणारा भाग) ज्या केबलने वाकतात तिच्या बाजूची तरफ आखूड. पाती तर शेवटपर्यंत जास्तच वाकत असतात. हाताला मात्र ओझं कमी लागतं. साध्या धनुष्यात ओढत जाल तसा जोर वाढत जातो आणि सगळ्यात जास्त भार नेमका नेम धरायच्या क्षणी असतो. कंपाउंडमध्ये जोर लवकर चढतो, मधे टिकतो आणि शेवटी ढासळतो. ५० पौंडांचं, ८० टक्के सूट देणारं (म्हणजे शेवटी कमाल भारातला ८० टक्के भार उतरवणारं) धनुष्य ओढताना २२.७ किलोचा कमाल भार पेलावा लागतो, पण पूर्ण ओढल्यावर बोटांत उरतात साडेचार किलो.

यात फुकट काही मिळत नाही. जोर आणि अंतर यांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा, आणि ती तुमच्याच पाठीच्या स्नायूंनी दिलेली असते. कॅम फक्त कष्टाची वेळ बदलतो: आधी कष्ट, मग नेम. ते का महत्त्वाचं, हे एका हिशेबात दिसेल. कंपाउंडची मैदानी स्पर्धा ५० मीटरवर होते आणि दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं असतं. डोळ्यासमोरची साइट (धनुष्यावरची नेमाची खूण) मधोमधून सुमारे पाऊण मिलिमीटर सरकली, तरी बाण त्या वर्तुळाच्या कडेपर्यंत जातो. बर्लिनमध्ये २०२३ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत साताऱ्याच्या अदिती स्वामीने १५० पैकी १४९ गुण मिळवले आणि नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५०. दोघांचीही वैयक्तिक सुवर्णपदकं कंपाउंडमधली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकारही असणार आहे, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत चौकशी वाढेल असं मला वाटतं.

आता निवड. ऑलिम्पिकमध्ये आजवर दिसलेलं, बिनचाकाचं रिकर्व्ह धनुष्य म्हणजे साडी आणि कंपाउंड म्हणजे ब्लाउज. पहिलं कुणालाही नेसता येतं, दुसरं मापाचंच लागतं. कारण कंपाउंड एका ठरावीक जागी येऊन थांबतं, पुढे ओढलं जात नाही. ती जागा, म्हणजे ओढीची लांबी, तुमच्या शरीराशी जुळली पाहिजे. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा. १७० सेंटिमीटर म्हणजे ६७ इंच पसारा असेल तर उत्तर येतं २७ इंचांच्या जरा आत. १५५ सेंटिमीटरच्या मुलीसाठी साडेचोवीसच्या आसपास. हा अंदाज आहे, शेवटचा अर्धा इंच प्रशिक्षकाने समोर उभं राहून ठरवायचा असतो. माप मोठं झालं की माणूस मागे रेलतो, पुढच्या हाताचं कोपर ताठ होतं आणि सुटलेली दोरी हाताच्या आतल्या बाजूला सणसणीत बसते. पहिल्या महिन्यातले निळे-जांभळे डाग बहुतेक याच चुकीचे असतात, आणि लोक मात्र त्याला नवशिकेपणा समजून सोसत राहतात.

जाहिरातीतल्या वेगाकडे बघताना हेच माप लक्षात ठेवा. तो वेग सहसा ७० पौंड जोर, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा (सुमारे २२.७ ग्रॅम) हलका बाण धरून मोजलेला असतो. ओढ एक इंच कमी झाली की सेकंदाला साधारण दहा फूट वेग जातो आणि जोर एक पौंड कमी झाला की दोनेक फूट. सेकंदाला ३४० फूट वेगाचं धनुष्य तुमच्या २७ इंचांवर आणि ५० पौंडांवर सुमारे २७० फुटांचं होतं. त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आणि सत्तर पौंड कशाला? अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी जोराची किमान अट ३० ते ४० पौंडांच्या आसपासच आहे. स्पर्धेत कमाल मर्यादा ६० पौंडांची. सुरुवातीला मोठ्या माणसाला ३० ते ४० पौंड भरपूर झाले. खुर्चीवर बसून, पुढचा हात निशाण्याकडे ठेवून, धनुष्य आकाशाकडे न उचलता सरळ मागे ओढता आलं तरच तो जोर तुमचा. बोल्ट फिरवून जोर आणि मॉड्यूल (कॅमवरचा सुटा भाग) बदलून ओढ कमी-जास्त करता येईल असंच धनुष्य घ्यावं. उजव्या हाताचं की डाव्या, हे हातापेक्षा डोळ्यावर ठरतं. जो डोळा प्रबळ, त्या बाजूचा हात दोरीवर.

बाण धनुष्याइतकाच विचारपूर्वक घ्यावा लागतो. त्याचा ताठपणा ‘स्पाइन’ने सांगतात: २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि तो किती वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. ५०० स्पाइन म्हणजे अर्धा इंच वाकणारा बाण; आकडा लहान तर बाण ताठ. धनुष्याच्या मानाने फार मऊ बाण सुटताना फुटू शकतो आणि कार्बनच्या किरच्या हातात घुसतात. फार हलका बाणही नको. जोराच्या दर पौंडामागे किमान ५ ग्रेन वजन असावं असं बहुतेक उत्पादक सांगतात, म्हणजे ५० पौंडांना २५० ग्रेन. हलका बाण सगळी ऊर्जा घेऊन जात नाही आणि उरलेली पात्यांत व केबलमध्ये परतते. बाण न लावताच दोरी सोडली, तर जवळपास सगळीच परतते: पाती चिरतात, दोरी कॅमवरून उडते, कधीकधी तोंडावर येते. दुकानात किंवा घरी हौसेने दोरी ओढून बघणाऱ्या पाहुण्यांपासून धनुष्य सांभाळा. शिकारीची धारदार पाती असलेली टोकं तर घेऊच नका. निशाण्यासाठी साधी गोल टोकं असतात.

मुंबईत खरी अडचण पैशांपेक्षा जागेची आहे. ५० मीटर लांब आणि मागे कुणी फिरकणार नाही अशी मोकळी जागा सोसायटीत नसते, गच्चीवर तर नसतेच. चुकलेला बाण शेजारच्या इमारतीत जाईल. त्यामुळे आधी प्रशिक्षण केंद्र शोधावं, तिथलं धनुष्य काही महिने वापरावं आणि मगच स्वतःचं घ्यावं. पहिले दिवस तीन-चार मीटरवरून, निशाण्याचा कागद न लावता, रिकाम्या गवती ठोकळ्यावर जातात. कंटाळवाणं आहे, पण नेमाची काळजी नसताना शरीर बाण सोडण्याची हालचाल शिकतं. रिलीजचं (दोरी पकडून सोडणाऱ्या, हातातल्या छोट्या उपकरणाचं) बटण झटकन दाबायची सवय लागली की ती मोडायला फार वेळ लागतो, म्हणून तिथेच ती लागू द्यायची नाही.

पावसाळ्यात दोरीपेक्षा लोखंडाची काळजी जास्त. हल्लीच्या कृत्रिम धाग्यांच्या दोऱ्या पाणी शोषत नाहीत, पण त्यांना वेळोवेळी मेण लागतं. आस, बेअरिंग आणि स्क्रू मात्र समुद्राच्या दमट हवेत गंजतात, तेव्हा भिजलेलं धनुष्य पुसून, वाळवूनच पेटीत ठेवायचं. मे महिन्यात ते बंद गाडीत उन्हात सोडायचं नाही. उष्णतेने दोरी ताणली जाते, दोन्ही कॅम एकमेकांच्या बरोबरीने फिरत नाहीत आणि कालपर्यंत दहात जाणारे बाण खाली जाऊ लागतात. तसं झालं तर साइट फिरवत बसण्याआधी कॅमवरच्या खुणा तपासून बघा.