पार्श्वभूमी : प्रायमरचे नियम आले कुठून

रीलोडिंगला, म्हणजे वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरण्याच्या छंदाला, नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात प्रायमरबद्दल (काडतुसाच्या बुडातली, ठोसा बसताच पेटून दारू पेटवणारी टोपी) पाच-सहा सूचना मिळतात. काडतुसे भरण्याच्या पुस्तिकेत जो प्रायमर सांगितला आहे तोच वापर. मूळ खोक्यातून काढून बरणीत ओतू नकोस. कुठल्या सैन्याच्या आहेत हे ठाऊक नसलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी आवरणे) उचलू नकोस. जुने, स्वस्तात मिळालेले प्रायमर घेऊ नकोस. जोर जास्त म्हणून ‘मॅग्नम’ प्रायमर लावू नकोस. सांगणारा सहसा कारण सांगत नाही, कारण त्यालाही ते तसेच मिळालेले असते. पण या प्रत्येक सूचनेमागे एखादा निर्णय, एखादा वाद किंवा एखादे फसलेले उत्पादन आहे. त्यातले बरेचसे १८९८ ते १९५५ या काळात घडले.

हा इतिहास मुख्यतः अमेरिकेचा आहे आणि छंदही तिथलाच. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही घेतली आहे. निर्मितीचा परवाना नसताना घरी काडतुसे भरणे इथे गुन्हा ठरतो. पुढचे सगळे वाचताना हे ध्यानात असावे, विशेषतः परदेशातून सुट्टीवर येताना सामान भरणाऱ्यांनी.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. १८०७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याने आघाताने पेटणारे मिश्रण वापरण्याचे पेटंट घेतले. चकमकीच्या ठिणगीआधी दिसणाऱ्या धुराने पक्षी सावध होतात, ही त्याची तक्रार होती. पुढच्या दोन दशकांत मर्क्युरी फल्मिनेट भरलेली तांब्याची टोपी रुळली आणि कोकणातल्या ठासणीच्या बंदुकांपर्यंतही टोपीच पोचली. १८५७ मध्ये ज्या काडतुसावरून आग पेटली त्यात टोपी नव्हतीच. दारू आणि गोळी कागदात, टोपी वेगळी. ती पुंगळीच्या बुडात जाऊन बसली ती १८६० च्या दशकात.

१८६६ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना दोन लष्करी अधिकाऱ्यांनी जवळजवळ एकाच वेळी दोन रचना मांडल्या. अमेरिकनाने ऐरण, म्हणजे जिच्यावर मिश्रण चिरडून पेटते तो टणक भाग, पुंगळीच्या बुडातच ठेवली आणि ज्वाळेसाठी तिच्या बाजूंना दोन बारीक छिद्रे दिली. ही बर्डन पद्धत. इंग्रजाने ऐरण प्रायमरच्या वाटीत बसवली आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र ठेवले. ही बॉक्सर पद्धत. पुढे अमेरिकनाची रचना युरोप, रशिया आणि ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांनी उचलली, आणि इंग्रजाची अमेरिकेत स्थिरावली. बर्डन पुंगळी बनवायला सोपी आणि तिचा प्रायमर स्वस्त असतो. कारखान्याच्या दृष्टीने ती चांगलीच निवड होती. घरी भरणाऱ्याला मात्र बॉक्सर सोयीची, कारण वरून सळई घातली की ती मधल्या छिद्रातून जाऊन जुना प्रायमर सरळ बाहेर ढकलते. बर्डन पुंगळीत तीच सळई ऐरणीवर आदळून वाकते. अमेरिकेत हा छंद एवढा फोफावला त्याला १८६६ ची ही अदलाबदल कारण आहे, असे माझे मत आहे. खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून दारूगोळा बनतो. त्याचा ‘केएफ’ ठसा असलेली ३०३ रायफलीची काडतुसे अमेरिकन जुन्या बाजारात अजून भेटतात. एखाद्या मराठी माणसाला तो ठसा पाहून आनंद होईल, पण त्या पुंगळ्या बर्डन आहेत आणि मिश्रण गंज आणणारे. संग्रहात ठेवाव्यात, भरायला घेऊ नयेत.

आता गंजाकडे, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

काळ्या दारूच्या काळात प्रायमरमुळे नळी खराब होते अशी तक्रार फारशी नव्हती. काळ्या दारूची राखच एवढी साचे की प्रत्येक जण नळी पाण्याने धूत असे आणि प्रायमरचा अवशेषही त्याच पाण्याबरोबर जाई. धूररहित दारू आली आणि नळी दिसायला स्वच्छ राहू लागली. लोक तेलाचा बोळा फिरवून बंदूक ठेवू लागले आणि दोन दिवसांनी नळीत तांबूस डाग दिसू लागले. दोष नव्या दारूवर आला. तिची आम्ले पोलाद खातात, असे वर्षानुवर्षे छापून येत होते. अमेरिकेतल्या एका सरकारी संशोधन संस्थेने १९२२ मध्ये खरे कारण दाखवून दिले. प्रायमरमधले पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मिठाच्याच जातीचे क्षार आहे. ते हवेतले पाणी ओढते आणि पोलादावर बसून गंज चढवते. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणजे साबणाचे गरम पाणी हाच उपाय होता आणि महागडी तेले बाजूला पडायला हवी होती.

याच काळात दुसरी एक अडचण होती आणि ती या अडचणीत मिसळली गेली. मर्क्युरी फल्मिनेट जळले की मोकळा पारा उरतो आणि तो पितळात शिरतो. काळ्या दारूची राख त्यालाही अडवत असे. धूररहित दारूत अडवायला काहीच उरले नाही. पुंगळी बाहेरून धडधाकट दिसते, पण पुढच्या बाराला ती तडकते. अमेरिकन सैन्य तेव्हा वापरलेल्या पुंगळ्या सरावासाठी पुन्हा भरत असे, म्हणून १८९८ च्या सुमारास त्याने पारा काढून टाकला आणि क्लोरेटवर आधारलेला प्रायमर घेतला. पितळ वाचले, नळीवर मात्र क्षार आले.

मग १९१७ उजाडले. महायुद्धासाठी उत्पादन वाढत असताना सरकारी शस्त्रशाळेचे प्रायमर पेटेनासे झाले. मिश्रणातल्या गंधकाचे आम्ल होऊन प्रायमर निकामी होतात असे निष्पन्न झाले. एका खासगी कंपनीचे मिश्रण तातडीने स्वीकारून उत्पादन पुढे चालू ठेवावे लागले. त्यातही क्लोरेट होतेच, पण ते वर्षानुवर्षे टिकत होते.

पुढच्या वादात ही घटना विसरली जाते. १९२७ च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी नागरी बाजारात ‘नॉन-कोरोझिव्ह’, म्हणजे गंज न आणणारे, प्रायमर आणले. जर्मनीत गंज न आणणारी मिश्रणे आधीपासून होती आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे लेड स्टिफनेटचे (शिशाच्या एका स्फोटक संयुगाचे) मिश्रण आले. आजचे बहुतेक प्रायमर त्याच कुळातले आहेत. सैन्याने मात्र आपल्या मुख्य रायफलीच्या काडतुसात क्लोरेटच ठेवले, दुसरे महायुद्ध संपून १९५० चे दशक उजाडेपर्यंत. आज शस्त्रांवर लिहिणारे बहुतेक जण याला सरकारी आळस म्हणतात. लाखो रायफलींच्या नळ्या गंजल्या, सैनिकांना रोज धुलाई करावी लागली, आणि नवे तंत्र पंचवीस वर्षे समोर असताना कुणी हात लावला नाही, असा हा आरोप.

मला हा आरोप पटत नाही. १९३० च्या दशकातले सुरुवातीचे गंजमुक्त प्रायमर साठवणीत बेभरवशाचे होते. शिवाय त्यातल्या काहींमध्ये क्लोरेट काढून पुन्हा मर्क्युरी फल्मिनेट घातले होते, म्हणजे नळी वाचली आणि पितळ गेले. गोदामात दहा वर्षे पडून मग उष्ण बेटावर किंवा बर्फात झाडल्या जाणाऱ्या काडतुसाला पहिली अट एकच असते, चाप ओढल्यावर बार उडाला पाहिजे. गंज पाण्याने धुता येतो. न पेटलेल्या काडतुसावर रणांगणात उपाय नसतो. १९१७ चा अनुभव गाठीशी असलेल्या यंत्रणेने जुने, तपासलेले मिश्रण धरून ठेवले यात मला शहाणपण दिसते. आणि आळसाचा आरोप एका गोष्टीने लंगडा पडतो. १९४१ मध्ये आलेल्या हलक्या कार्बाइनचे (आखूड रायफलीचे) काडतूस सैन्याने पहिल्या दिवसापासून गंजमुक्त ठेवले, कारण तिच्या गॅस पिस्टनची जागा सैनिकाला सहज उघडून धुता येत नव्हती. जिथे धुणे शक्य नव्हते तिथे नवे मिश्रण, जिथे शक्य होते तिथे जुने. विचार करून घेतलेला निर्णय असाच असतो.

नवख्यासाठी यातून उरते ते असे. जुन्या खोक्यावर ‘नॉन-कोरोझिव्ह’ छापलेले असले तरी ‘पारा नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि १९३० च्या दशकातल्या खोक्यावर एकाचेच उत्तर असू शकते. वारसात मिळालेला किंवा जुन्या बाजारातला माल म्हणून बाजूलाच ठेवावा. आज दुकानात मिळणारे नवे बॉक्सर प्रायमर या दोन्ही दोषांतून मुक्त आहेत.

आकारांची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. व्यास दोनच, ०.१७५ इंच आणि ०.२१० इंच, आणि प्रत्येकात पिस्तूल व रायफल असे दोन प्रकार. मोठ्या व्यासात रायफलचा प्रायमर पिस्तुलाच्या प्रायमरपेक्षा सुमारे आठ हजारांश इंच उंच असतो. चुकून पिस्तुलाच्या पुंगळीत गेला तर बुडाबाहेर डोकावतो. लहान व्यासात उंची जवळजवळ सारखी, म्हणून तिथली चूक हाताला कळत नाही आणि जास्त घातक ठरते. फरक वाटीच्या जाडीत असतो. पिस्तुलाची पातळ वाटी रायफलच्या दाबाखाली फाटते आणि वायू मागे येतो.

प्रायमरवर ‘मॅग्नम’ हा शब्द १९५० च्या दशकात मोठ्या शिकारी काडतुसांबरोबर आला. त्यांत सावकाश जळणारी भरपूर दारू असे. तिच्या कणांवर ज्वलन रोखणारा लेप असतो आणि साध्या प्रायमरची ज्वाळा कधीकधी तिला नीट पेटवू शकत नसे. म्हणून जास्त उष्ण, जास्त काळ टिकणारी ज्वाळा. पुढे गोल दाण्यांच्या दारूसाठी लहान काडतुसांतही ते वापरले जाऊ लागले. म्हणजे नाव काडतुसावरून पडले, पण गरज दारू ठरवते. साध्या प्रायमरवर तपासलेल्या कमाल भाराला (काडतुसातल्या दारूच्या मापाला) मॅग्नम लावला तर दाब वाढतो, आणि तो किती वाढेल हे घरी मोजायला साधन नसते. प्रायमर बदलला की भार कमी करून पुन्हा वर चढत यायचे, ही सूचना इथून आली.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एक नवी लष्करी रायफल आली. तिची फायरिंग पिन (प्रायमरवर ठोसा देणारी सुई) स्प्रिंगशिवाय मोकळी होती आणि बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा भाग) पुढे आदळताना प्रायमरला हलका ठोसा देत असे. चाप न ओढता बार उडू लागले. पिन हलकी केली गेली आणि प्रायमरच्या संवेदनशीलतेची मर्यादाही तपासून घेतली गेली. अशा स्वयंभरण रायफलींसाठी दुकानात लष्करी धाटणीचे, थोडे कमी संवेदनशील प्रायमर वेगळे मिळतात ते यामुळे. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित, तीन ते पाच हजारांश इंच, आत बसला पाहिजे. वर राहिला तर अशा रायफलीत धोका. साध्या रायफलीत उलट होते, पहिला ठोसा त्याला आत बसवण्यातच खर्ची पडतो आणि बार उडत नाही. नवखे लोक मग प्रायमरला दोष देतात.

साठवणीच्या नियमांमागे मात्र वाद नाही. दारू मोकळ्या हवेत पेटते आणि जळते. प्रायमर स्फोट पावतो, आणि शेजारच्यालाही पेटवतो. खोक्यातला प्रत्येक प्रायमर वेगळ्या खाचेत असतो तो या कारणाने. बरणीत ओतलेले शेकडो प्रायमर एकमेकांना चिकटून असतात आणि एक उडाला की सगळे उडतात. अमेरिकेतली प्रचलित अग्निसुरक्षा नियमावली घरात १०,००० प्रायमरपर्यंत ठेवायला मुभा देते, तीही मूळ खोक्यात. तेल लावले की प्रायमर मरतो हा समज मात्र सोडून द्यावा. तेलाने तो बिघडू शकतो, पण खात्रीने निकामी होत नाही. बसवलेला जिवंत प्रायमर ठोकून काढू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत निवडीचा प्रश्नच बदलला आहे. २००८-०९, २०१२-१३ आणि २०२० नंतरची टंचाई, अशा तीन लाटा आल्या. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रायमर बनवणारी नावे मोजकी चारच, आणि त्यातल्या एकाच्या २०२० मधल्या दिवाळखोरीनंतर तीन नावे एकाच मालकाकडे गेली. दुकानात जे मिळेल ते घ्यायचे अशी वेळ आली आणि ‘पुस्तिकेत आहे तोच’ या नियमाला सगळ्यात आधी कात्री लागली. पहिल्यांदा भरणाऱ्याने अशा काळात थांबणेच बरे. भार पारखण्याची सवय असलेला जुना माणूस जे करू शकतो ते नवख्याने करू नये.

शिशाचा प्रश्नही याच काळात पुढे आला. लेड स्टिफनेटमुळे बंदिस्त नेमबाजी केंद्रातल्या हवेत आणि पुंगळ्या घासून काढताना उडणाऱ्या धुळीत शिसे येते, म्हणून ते काम घराबाहेर करून नंतर हात धुवावेत. शिसेमुक्त प्रायमरच्या काही उत्पादकांनी पंचेचाळीसच्या (०.४५ इंच) पिस्तूल काडतुसाला मोठ्याऐवजी लहान प्रायमरची पुंगळी दिली. बाहेरून दोन्ही पुंगळ्या सारख्याच. मैदानावरून गोळा केलेल्या ढिगात त्या मिसळतात आणि लहान खाचेवर मोठा प्रायमर दाबला की तो चेपतो, कधी प्रेसवरच (काडतुसे भरण्याच्या यंत्रावर) उडतो. पंचेचाळीस भरणाऱ्याला म्हणून आता प्रत्येक पुंगळी बुडाकडून पाहून दोन ढीग करावे लागतात.