फळे पिकवणारे वायू

झाडावरून उतरवलेल्या फळात पिकण्याची क्रिया सुरू करणारे वायू, आणि बाजारात त्यांचा होणारा वापर. यांत खरा वायू एकच, इथिलीन. फळ तो स्वतःच तयार करते. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीन हा त्याची नक्कल करणारा, आणि भारतात या कामासाठी बंदी असलेला वायू आहे. ‘वायूने पिकवलेले फळ’ म्हटले की ग्राहक बिचकतो. पण अढीत पिकणारा आंबासुद्धा वायूनेच पिकतो. त्यामुळे कोणता वायू, किती प्रमाणात आणि किती तयार फळाला दिला, हे पाहावे लागते.

इथिलीन रंगहीन, किंचित गोडसर वासाचा, हवेपेक्षा थोडा हलका आणि ज्वालाग्राही वायू आहे. वनस्पतींवरचा त्याचा परिणाम आधी नुकसानीच्या रूपाने लक्षात आला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यावरच्या दिव्यांचा गॅस नळांतून गळे आणि जवळच्या झाडांची पाने झडत. रशियन शास्त्रज्ञ दिमित्री नेल्युबोव यांनी १९०१ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून त्या गॅसमधला परिणामकारक घटक इथिलीन असल्याचे दाखवले. पिकणारी सफरचंदे स्वतः इथिलीन सोडतात, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. वनस्पती तो मिथिओनिन या अमिनो आम्लापासून बनवतात.

फळांचे या दृष्टीने दोन गट पडतात. आंबा, केळी, पपई, चिकू, सीताफळ, फणस, टोमॅटो, सफरचंद ही फळे काढणीनंतरही पिकतात. त्यांचा श्वसनवेग एकदम वाढतो, थोड्या इथिलीनने आणखी इथिलीन तयार होऊ लागते आणि क्रिया आपोआप पुढे सरकते. हिरव्या केळीच्या गरात सुमारे २० टक्के स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर तो १ ते २ टक्के उरतो. बाकीच्याची साखर होते. आंबटपणा घटतो, पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन विरघळून गर मऊ पडतो, सालीतले हरितद्रव्य नष्ट होते. द्राक्ष, डाळिंब, संत्रे, लिंबू, अननस, स्ट्रॉबेरी यांचे तसे नाही. ही फळे तोडली त्या दिवशी जेवढी गोड असतील तेवढीच राहतात. संत्र्याला इथिलीन दिल्यास साल पिवळी-केशरी होते, आतला रस तसाच राहतो. आंबट संत्रे वायूने गोड होत नाही.

पहिल्या गटातल्या फळांनाही एक अट आहे: फळ तयार असले पाहिजे. कोकणातले बागायतदार ‘चौदा आणे तयार’ आंबा काढतात. देठाजवळचे खांदे भरून वर आलेले, देठ किंचित खळग्यात गेलेला, सालीचा गडद हिरवा रंग निवळलेला, ही त्याची खूण. पाण्यात टाकला तर तयार हापूस बुडतो, कोवळा तरंगतो. कोवळ्या आंब्यात स्टार्चच पुरेसा साठलेला नसतो, मग वायू साखर कशाची करणार? त्याची साल पिवळी होते, पण गर फिका, आंबट आणि वासहीन राहतो, आणि सालीला सुरकुत्या पडतात. हंगामाच्या सुरुवातीला चढा दर मिळवण्यासाठी उतरवलेल्या आंब्याची जी तक्रार होते, तिचे मूळ बहुतेक वेळा पिकवण्यात नसून अकाली काढणीत असते.

अढी. भाताच्या पेंढ्यात आंबे थराथराने मांडून वरून पुन्हा पेंढा पसरतात. पेंढा फळाची ऊब धरून ठेवतो, फळाभोवती त्याचेच इथिलीन काही काळ साचू देतो आणि हवाही खेळती ठेवतो. तयार हापूस यात साधारण आठ-दहा दिवसांत पिकतो. उन्हाळा कडक असेल तर लवकर. रोज वरचे आंबे पाहून पिकलेले आणि डागी बाजूला काढावे लागतात, कारण एक सडका आंबा भरपूर इथिलीन सोडतो आणि शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. घरी तांदळाच्या डब्यात फळ पुरणे किंवा कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यासोबत कच्चे फळ ठेवणे यामागे हेच तत्त्व आहे. घट्ट बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी मात्र टाळावी. तिच्यात ऑक्सिजन संपतो, पाणी सुटते आणि फळाला आंबूस वास येतो. केळीला धुरी देण्याची जुनी रीतही यातलीच, कारण लाकूड-पाल्याच्या धुरात इथिलीन असते. पण तापमान आणि मात्रा दोन्ही हाताबाहेर राहतात.

रायपनिंग चेंबर. ही उष्णतारोधक, हवाबंद खोली असते. शीतयंत्र, जोरदार पंखे, आर्द्रता देणारे यंत्र आणि इथिलीनचा सिलिंडर किंवा जनरेटर हे तिचे भाग. जनरेटरमध्ये इथाइल अल्कोहोल तापलेल्या उत्प्रेरकावरून जाते, त्याच्या रेणूतून पाणी निघून जाते आणि इथिलीन उरते. लागणारी मात्रा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग. खोलीत ५० घनमीटर मोकळी हवा असेल तर ५ लिटर वायू पुरतो. त्याचे वजन सहा ग्रॅमपेक्षाही कमी भरते आणि तेवढ्यासाठी हिशेबाने सुमारे १२ मिलिलिटर अल्कोहोल लागते. गळतीमुळे प्रत्यक्षात थोडे जास्त जाते. मात्रा वाढवून फळ लवकर पिकत नाही, १०० पीपीएमपाशी परिणाम जवळजवळ पूर्ण झालेला असतो.

केळीसाठी आधी गराचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअसवर आणतात. हे गरात खुपसायच्या तापमापीने मोजावे, भिंतीवरचा आकडा फक्त हवेचा असतो. आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवून २४ तास इथिलीन देतात. मग दार उघडून साचलेली हवा पूर्ण बाहेर काढतात, आणि पुढचे दिवस रोज ताजी हवा देतात. चार ते सहा दिवसांत केळी विक्रीयोग्य पिवळी होते. आंब्याला २० ते २२ अंश तापमान आणि १२ ते २४ तास इथिलीन पुरते.

बिघाड बहुधा तापमान आणि हवा या दोनच गोष्टींत होतो. पिकू लागलेली केळी स्वतः बरीच उष्णता सोडते. क्रेट एकमेकांना चिकटून रचले तर मधल्या क्रेटची उष्णता बाहेर पडत नाही. गर २४ अंशांच्या वर गेला की सध्या सर्वत्र लावल्या जाणाऱ्या ग्रँड नैनसारख्या वाणांत हरितद्रव्य नीट नष्ट होत नाही. केळी आतून मऊ आणि बाहेरून हिरवट राहते. उलट १३ अंशांखाली साल धुरकट राखाडी पडते आणि मग कितीही वायू दिला तरी तो रंग सुधारत नाही. घरच्या फ्रिजमध्ये केळी काळी पडते ती याच कारणाने. तिसरा दोष कार्बन डायऑक्साइडचा. श्वसनातून तो साचत जातो आणि १ टक्क्याच्या पुढे गेला की इथिलीनचे काम अडवतो. काही घड पिवळे, काही हिरवे असा माल निघाला तर आधी हवा बदलली होती का ते तपासावे. दाराची रबरी पट्टी फाटली असेल तरीही तसेच होते. दिवसा आत उभे राहून दार लावल्यावर फटीतून उजेड दिसतो का, एवढ्यानेच गळती कळते.

इथिलीन हवेत २.७ टक्के झाले की पेट घेऊ शकते. हे प्रमाण १०० पीपीएमच्या २७० पट आहे, त्यामुळे नीट मोजून वायू देणाऱ्या खोलीत धोका नसतो. सिलिंडरचा वॉल्व्ह गळणे मात्र गंभीर आहे, म्हणून खोलीत ठिणगी पाडणारी उपकरणे आणि धूम्रपान नको. हवा न काढता आत शिरणाऱ्या कामगाराला खरा त्रास कार्बन डायऑक्साइडचा होतो.

कार्बाइड. चुनकळी आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून कॅल्शियम कार्बाइड बनवतात. गॅस वेल्डिंगसाठी लागणारा ॲसिटिलीन त्यापासून मिळतो. पेटीत ठेवलेली कार्बाइडची पुडी ओलावा शोषते, ॲसिटिलीन आणि उष्णता बाहेर पडतात. ॲसिटिलीन इथिलीनच्या तुलनेत फार दुबळा असल्याने शंभरपट किंवा त्याहून अधिक लागतो. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसची संयुगे असतात, त्यांपासून आर्सिन आणि फॉस्फिन हे विषारी वायू निघतात. कार्बाइडला येणारा लसणासारखा वास या अशुद्धींचा असतो. पुड्या हाताळणाऱ्याची त्वचा आणि डोळे भाजतात, आणि पावसात भिजलेल्या मालाला आग लागू शकते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांनी कार्बाइडने पिकवलेली फळे विकण्यास मनाई केली. २०१६ मध्ये इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी मिळाली. इथेफॉन हे द्रव औषध कमी आम्लतेत विघटन पावून इथिलीन सोडते. त्याच्या द्रावणात फळे बुडवणे मात्र नियमात बसत नाही, रसायनाचा फळाला थेट स्पर्श होता कामा नये. एकसारखा पिवळा रंग म्हणजे कार्बाइड, हा समज चुकीचा आहे. चांगल्या चेंबरमधले फळही एकसारखे पिवळे असते. पेटीत पुडी किंवा राखाडी-पांढरी भुकटी सापडणे, लसणाचा वास येणे ही त्याहून भरवशाची चिन्हे आहेत. शंका असल्यास फळ वाहत्या पाण्यात चोळून धुवावे आणि साल खाऊ नये.

पिकणे लांबवायचे असेल तर याच वायूला दूर ठेवावे लागते. दूरच्या बाजारात जाणारी केळी १३.५ ते १४ अंशांवर ठेवतात आणि खोक्यात पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या घालतात. ते इथिलीन शोषताना जांभळ्याचे तपकिरी होते, आणि रंग बदलला की पुडी निकामी झाली असे समजावे. सफरचंदाच्या गोदामांत १-मिथिलसायक्लोप्रोपीन वापरतात, ते फळातल्या इथिलीनग्राही जागाच अडवते. घरात कोथिंबीर, मेथी आणि काकडी पिकलेल्या केळ्या-आंब्यांजवळ ठेवू नयेत. थोड्याशा इथिलीननेही त्यांची हिरवाई जाऊन पिवळेपणा येतो.